वेस, अब्रू आणि जिनिव्हा

१

मराठीत ‘अब्रू वेशीवर टांगणे’ असा एक वाक्प्रचार आहे. त्यातील प्रतिमा ग्रामरचनेतून आलेली आहे. वेशीच्या आत जे घडते ते गावाचे. वेशीबाहेर जे जाते ते परक्यांच्या नजरेचे. वेशीवर टांगलेली वस्तू गावकऱ्याला दिसते तशी वाटसरूलाही दिसते, आणि हे दुसरे दिसणेच गावाला झोंबते. या वाक्प्रचारात दोष नेमका कोणाच्या पदरात पडतो, हे पाहण्यासारखे आहे. ज्या कृत्यामुळे अब्रू जाण्याजोगी झाली, त्याचा येथे उच्चारही होत नाही. दोषी ठरतो तो टांगणारा. भाषेने घेतलेला हा नैतिक पक्ष इतका अंगवळणी पडलेला असतो की तो पक्ष आहे, याचेही भान उरत नाही.

पुणे जिल्ह्याच्या इंदापूर तालुक्यातील निमगाव केतकी हे पानमळ्यांसाठी ओळखले जाणारे गाव. आषाढवारीत तुकोबांची पालखी या गावावरून इंदापूरकडे जाते. त्या दिवसांत हजारो अपरिचित माणसे गावात येतात आणि गाव त्यांना परके मानत नाही. येथे या गावाचे नाव कोणत्याही विशिष्ट घटनेसाठी घेतलेले नाही; महाराष्ट्रातील कोणत्याही नांदत्या गावाचा प्रतिनिधी म्हणून ते घेतले आहे. अशा गावातील एखाद्या माणसावर जन्माधारित अन्याय झाला, आणि गावकी, पोलीस ठाणे, जिल्हा, राज्य, देश या एकामागून एक येणाऱ्या वेशी ओलांडून त्या अन्यायाची कहाणी जिनिव्हा नावाच्या दूरच्या शहरात मांडली गेली, तर त्या मांडण्यात काही नैतिक अपराध आहे काय? प्रश्न कायद्याचा नाही. कायद्याने तशी वाट ठेवलेली आहे. प्रश्न निष्ठेचा आहे: आपल्या समाजाविषयीच्या निष्ठेत त्याच्या अन्यायाविषयी बाहेर मौन पाळण्याचे कर्तव्य अंतर्भूत असते काय?

२

जिनिव्हाला हे स्थान एकाएकी मिळालेले नाही. १८६३ साली तेथे रेडक्रॉसची स्थापना झाली आणि १८६४ साली जखमी सैनिकांविषयीचा पहिला जिनिव्हा करार झाला. १९२० पासून राष्ट्रसंघाचे मुख्यालय तेथे होते. दुसऱ्या महायुद्धानंतर संयुक्त राष्ट्रांचे युरोपीय कार्यालय तेथेच राहिले. मानवी हक्क आयोग तेथे भरत असे आणि २००६ पासून त्याची जागा घेणारी मानवी हक्क परिषद तेथे भरते. सर्व प्रकारच्या वांशिक भेदभावाच्या निर्मूलनासाठीच्या १९६५ च्या कराराची अंमलबजावणी तपासणारी समितीही तेथेच बसते. सदस्यराष्ट्रांनी तिच्यापुढे अहवाल ठेवायचे आणि तिने प्रश्न विचारायचे, अशी ही रीत आहे. १९९६ साली भारताच्या अहवालाचा विचार करताना या समितीने असे मत नोंदविले की करारातील ‘डिसेंट’ हा शब्द केवळ वंशापुरता मर्यादित नाही आणि अनुसूचित जातिजमातींची स्थिती कराराच्या कक्षेत येते. भारत सरकारने ही भूमिका मान्य केली नाही. २००१ च्या ऑगस्टअखेरीस दक्षिण आफ्रिकेतील डर्बन येथे वंशवादविरोधी जागतिक परिषद सुरू झाली, तेव्हा दलित संघटनांनी हाच प्रश्न तेथे नेला. शासनाच्या विरोधामुळे परिषदेच्या अंतिम दस्तऐवजात जातीचा उल्लेख येऊ शकला नाही. पुढच्याच वर्षी, २००२ मध्ये, जिनिव्हाच्या समितीने जन्मपरंपरेवर आधारित भेदभावाविषयी एक स्वतंत्र सर्वसाधारण शिफारस केली आणि तीत जातीचा स्पष्ट निर्देश केला. डर्बनच्या सुमारास देशाची अब्रू जगाच्या वेशीवर टांगली जात असल्याचा सूर आपल्याकडे ऐकू आला.

महाराष्ट्राच्या वैचारिक इतिहासाला हा सूर अपरिचित नाही. पंडिता रमाबाईंचे ‘द हाय-कास्ट हिंदू वूमन’ हे पुस्तक १८८७ साली फिलाडेल्फियात प्रसिद्ध झाले आणि त्याच वर्षाच्या अखेरीस बॉस्टनमध्ये रमाबाई असोसिएशन स्थापन झाले. रमाबाईंवरील रोषात त्यांच्या धर्मांतराचा वाटा मोठा होता. तरी घरचे दुःख परक्याच्या दारी नेल्याचा सलही त्यात मिसळलेला होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९३० साली लंडनच्या गोलमेज परिषदेला गेले, तेव्हा त्यांच्यावर याहून कठोर शब्दांचा मारा झाला. १९४६ साली त्यांनी अमेरिकेतील कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. द्यू बॉइस यांना पत्र लिहून तेथील निग्रो काँग्रेसने संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाच्या प्रती मागविल्या होत्या. अस्पृश्यांचा प्रश्नही त्याच व्यासपीठावर न्यावा, हा विचार त्यामागे होता. डर्बनला निघालेल्या कार्यकर्त्यांची वाट अशा रीतीने पन्नासहून अधिक वर्षे आधी आखली गेली होती.

यातील क्रमही ध्यानात घेतला पाहिजे. बाबासाहेब लंडनला गेले ते महाडला जाऊन आल्यानंतर. मुंबई कायदेमंडळाने १९२३ साली बोले ठराव केला, महाड नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळे खुले केल्याचे जाहीर केले. प्रत्यक्षात पाण्याला हात लागला तो २० मार्च १९२७ रोजी, आणि त्याची किंमत त्या दिवशी मार खाऊन मोजावी लागली. नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह २ मार्च १९३० रोजी सुरू झाला; गोलमेज परिषद त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात भरली. बाहेरचे दार ठोठावणाऱ्यांनी आतले दार ठोठावलेच नाही, असे म्हणण्यास इतिहासात आधार मिळत नाही.

३

‘ही आमची अंतर्गत बाब आहे’ हे विधान राष्ट्राच्या तोंडी आले की ते सार्वभौमत्वाचे तत्त्व वाटते. परंतु तेच विधान निरनिराळ्या पातळ्यांवर ऐकले असता त्याची घडण उघड होते. नवरा बायकोला मारतो आणि शेजाऱ्याला सांगतो, हा आमच्या घरातला मामला आहे. भावकी सांगते, वाटणीचा तंटा भावकीत मिटेल. जातपंचायत सांगते, आमच्या जातीचा न्याय आम्ही करू. गावकी सांगते, गावातले गावात राहू द्या. प्रत्येक पातळीवर बोलणारा ‘आम्ही’ म्हणतो, आणि प्रत्येक वेळी ज्याच्यावर अन्याय झाला तो त्या ‘आम्ही’मध्ये मोजला जातो, पण त्याला विचारले जात नाही. अंतर्गततेच्या दाव्याचा खरा दोष येथे आहे. ज्याच्या वतीने सीमा आखली जाते त्याची संमती घेतलेली नसते.

या साखळीतील खालच्या पातळ्यांवर हा दावा शासनाने स्वतःच फेटाळला आहे. महाराष्ट्राने २०१६ साली सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा केला तो जातपंचायतींना हेच बजावण्यासाठी, की माणसाला वाळीत टाकणे ही जातीची खासगी बाब नाही. घरगुती हिंसाचाराविरुद्धचा २००५ चा केंद्रीय कायदा घराच्या उंबऱ्याविषयी हेच सांगतो. वरच्या पातळीवरही भारताने एके काळी हीच भूमिका घेतली होती. दक्षिण आफ्रिकेतील भारतीयांना मिळणाऱ्या वागणुकीची तक्रार भारताने १९४६ साली संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेपुढे नेली. ही आमच्या देशांतर्गत अधिकारक्षेत्रातील बाब आहे, असा दक्षिण आफ्रिकेचा बचाव होता. विजयालक्ष्मी पंडित यांच्या नेतृत्वाखालील शिष्टमंडळाने तो मान्य केला नाही, आणि ८ डिसेंबर १९४६ रोजी आमसभेने भारताच्या बाजूने ठराव संमत केला. माणसाच्या प्रतिष्ठेचा प्रश्न सीमेच्या आत कोंडता येत नाही, हा विचार जगापुढे आग्रहाने मांडणाऱ्यांत भारत अग्रभागी होता. घराला, जातीला आणि परराष्ट्राला जे तत्त्व लागू, ते आपल्यालाच लागू नाही असे म्हणायचे असेल, तर त्यासाठी वेगळे कारण द्यावे लागेल. ‘आपली अब्रू’ हे असे कारण होऊ शकत नाही. ती प्रत्येकच ‘आम्ही’ला असते.

शिवाय आत आणि बाहेर यांची विभागणी इतिहासात तितकी स्वच्छही नाही. अस्पृश्यता नष्ट करणारे कलम दिल्लीच्या घटना समितीने २९ नोव्हेंबर १९४८ रोजी स्वीकारले. मानवी हक्कांचा जाहीरनामा पॅरिसमध्ये १० डिसेंबर १९४८ रोजी संमत झाला. या दोहोंत अकरा दिवसांचे अंतर आहे. मुंबई प्रांतातून घटना समितीवर गेलेल्या हंसा मेहता याच संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क आयोगावरही होत्या, आणि जाहीरनाम्याच्या पहिल्या कलमात ‘सर्व पुरुष’ असा अर्थ निघू शकणारा इंग्रजी शब्द जाऊन ‘सर्व मानव’ आले ते त्यांच्या आग्रहामुळे. जिनिव्हात ज्या भाषेत प्रश्न विचारले जातात ती भाषा घडविण्यात येथल्या माणसांचा हात आहे. ती सर्वस्वी परक्यांची नाही.

जातही आता वेशीच्या आत राहिलेली नाही. २१ फेब्रुवारी २०२३ रोजी अमेरिकेतील सिॲटल शहराच्या नगरपरिषदेने जातीवर आधारित भेदभावाला बंदी घालणारा वटहुकूम सहा विरुद्ध एक अशा मतांनी संमत केला. असे करणारे ते अमेरिकेतील पहिले शहर होय. तेथेही विरोधकांचा आक्षेप ओळखीचाच होता: यामुळे एका समाजाकडे संशयाने पाहिले जाईल. अल्पसंख्य स्थलांतरितांच्या बाबतीत हा धोका खरा असू शकतो आणि तो हसण्यावारी नेऊ नये. पण माणसे आपल्याबरोबर जात घेऊन समुद्रापार जाऊ शकतात, तर तिच्याविषयीची तक्रार मात्र मूळ गावीच करावी, ही अपेक्षा तर्काला धरून नाही.

४

जिनिव्हातील वाद वरकरणी एका शब्दाचा आहे, आणि म्हणून साहित्याच्या अभ्यासकाने तो नीट वाचला पाहिजे. भारताचे म्हणणे असे, की जात म्हणजे वंश नव्हे. हे विधान खरे आहे. खुद्द बाबासाहेबांनी जातीची वांशिक उपपत्ती साधार नाकारली होती. परंतु १९६५ च्या करारात ‘वंश’ हा एकच शब्द नाही. वंश, वर्ण, ‘डिसेंट’, राष्ट्रीय किंवा वांशिक मूळ अशी त्यात मालिका आहे. आणि त्यातील ‘डिसेंट’ हा शब्द कराराचा मसुदा चालू असताना भारतानेच सुचविलेल्या दुरुस्तीतून आलेला आहे. तो सुचविताना जात अभिप्रेत होती की नव्हती, यावर वाद होऊ शकतो. मात्र संहिता कर्त्याच्या हातून सुटली की तिचा अर्थ कर्त्याच्या हेतूपुरता राहत नाही, हे समीक्षेच्या विद्यार्थ्याला वेगळे सांगावे लागत नाही. एक खरे विधान येथे वेगळ्याच प्रश्नाचे उत्तर म्हणून पुढे केले जाते. ‘जात वंश आहे काय?’ असे समितीने विचारले नव्हते. जन्माने कोणत्या कुळात आला यावरून माणसाला कमी लेखले जाते काय, असा तिचा प्रश्न होता.

हा वाद मराठीत मांडू गेले की एक चमत्कार दिसतो. मराठीत ‘वंश’ हा शब्द इंग्रजीतील ‘रेस’साठी वापरला जातो आणि कुळपरंपरेसाठीही, वंशवृक्ष, वंशावळ, वंशपरंपरा हे शब्द दुसऱ्या अर्थाचे आहेत. इंग्रजीत ज्या दोन शब्दांमध्ये शासन आणि समिती यांनी आपापली ठाणी बसविली, ते दोन्ही मराठीत एकाच शब्दात नांदतात. ‘वर्ण’ हा शब्द तर याहून बोलका आहे. दक्षिण आफ्रिकेतील राजवटीसाठी मराठी वृत्तपत्रांनी ‘वर्णभेद’ आणि ‘वर्णद्वेष’ हे शब्द रूढ केले. चातुर्वर्ण्यातील ‘वर्ण’ तोच. तिकडच्या अन्यायाला नाव देताना आपल्या भाषेने इकडच्या अन्यायाचा शब्द उचलला आणि त्यात कोणाला काही वावगे वाटले नाही. १९७२ साली मुंबईत दलित पँथरची स्थापना झाली, तेव्हा अमेरिकेतील ब्लॅक पँथरचे नाव स्वीकारताना संस्थापकांना ही तुलना नव्याने शोधावी लागली नव्हती. अर्थात तुलना म्हणजे एकरूपता नव्हे. त्वचेचा रंग लपविता येत नाही. आडनाव बदलता येते, आणि ते बदलावेसे वाटणे हेच जातीच्या दुःखाचे एक रूप आहे. दोन अन्याय निराळे असूनही एकाच प्रश्नाला उत्तर देण्यास बांधील असू शकतात.

५

बाहेर जाण्याविरुद्धचे काही आक्षेप मात्र गंभीर आहेत. पहिला असा, की ज्या शहरात न्याय मागायचा ते शहर स्वतः निर्मळ नाही. गोलमेज परिषद भरली ती राज्यकर्त्यांच्या राजधानीत. जिनिव्हा ज्या देशात आहे त्या स्वित्झर्लंडमध्ये स्त्रियांना राष्ट्रीय निवडणुकांत मताधिकार मिळाला तो १९७१ साली; भारतीय स्त्रिया त्याच्या वीस वर्षे आधी पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत मतदान करून मोकळ्या झाल्या होत्या. बलाढ्य राष्ट्रे मानवी हक्कांचा उच्चार सोयीने करतात आणि सोयीने विसरतात. हे सर्व मान्य करूनही त्यातून मौनाचे कर्तव्य निष्पन्न होत नाही. बाबासाहेबांनी लंडनमध्येच ब्रिटिश राजवटीला सुनावले, की तिच्या दीर्घ अमलात अस्पृश्यांची स्थिती पालटलेली नाही. रमाबाईंनी परतल्यावर १८८९ साली अमेरिकेवर मराठीत पुस्तक लिहिले आणि तेथील समाजाचे गुणदोष मराठी वाचकापुढे ठेवले. बाहेर जाणारा मनुष्य बाहेरच्याचा आश्रित होतोच असे नाही; तो त्याचाही साक्षीदार होऊ शकतो.

दुसरा आक्षेप मायकेल वॉल्झर यांच्यासारख्या विचारवंतांच्या मांडणीतून निघतो. समाजाची परिणामकारक चिकित्सा त्याच्याशी जोडलेला माणूस, त्याच्याच मूल्यांच्या आधारे करतो. दूरच्या उंचीवरून केलेली टीका रुजत नाही. पंढरपूरचे विठ्ठलमंदिर १९४७ च्या मे महिन्यात अस्पृश्यांना खुले झाले, ते साने गुरुजींच्या उपोषणाने; कोणत्याही आंतरराष्ट्रीय ठरावाने नव्हे. या आक्षेपात तथ्य आहे. जिनिव्हाकडे फौजदार नाही, तहसील नाही. तेथील समितीची शिफारस गावच्या पाणवठ्यापर्यंत चालत येत नाही. तेथे उपयोगी पडतो तो १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा, आणि तोही तक्रार नोंदवून घेणारा अधिकारी भेटला तर. परंतु हा आक्षेप आत ऐकणारा कोणी आहे, असे गृहीत धरतो. साने गुरुजींच्या उपोषणाला अर्थ होता, कारण त्यांच्या प्राणाची किंमत मंदिरातल्यांना वाटत होती. ज्याच्या प्राणाची किंमत आतल्यांना वाटत नाही, त्याने कशाच्या बळावर आतल्या आत बोलावे?

तिसरा आक्षेप भाषेचा आहे आणि साहित्याला तो सर्वांत जवळचा आहे. जिनिव्हाच्या कागदावर उतरताना दुःखाला कलमे आणि उपकलमे पडतात. दया पवारांचे ‘बलुतं’ (१९७८) किंवा बेबी कांबळे यांचे ‘जिणं आमुचं’ (१९८६) वाचताना जे कळते ते परिच्छेद-क्रमांक दिलेल्या निरीक्षणांतून कळणार नाही. आत्मकथनातला ‘मी’ अहवालात ‘पीडित व्यक्ती’ होतो, आणि तिच्या वतीने बोलणारा तिची जागा घेण्याचा धोका उत्पन्न होतो. तरी या दोन लेखनप्रकारांत एक नाते आहे. दोन्हींनी घरातली गोष्ट बाहेर सांगितली आणि दोन्हींना त्याबद्दल बोल लागले. बेबी कांबळे यांनी तर महारवाड्याबाहेरचा जुलूम सांगताना महारवाड्याच्या आत, घरातल्या सुनेवर होणारा जुलूमही सांगितला. अंतर्गततेचा पडदा त्यांनी आपल्या माणसांसाठीही राखून ठेवला नाही. म्हणूनच त्यांच्या साक्षीला नैतिक वजन आहे. जिनिव्हात उभे राहणाऱ्याने हे वजन कमवायचे असेल तर हीच कसोटी त्यालाही लागू होते: ज्या बाजूने तो बोलतो, त्या बाजूच्या आतील वेशीही त्याला ओलांडता आल्या पाहिजेत.

६

शेवटी पुन्हा वेशीकडे वळले पाहिजे. जुन्या गावगाड्यात महारांच्या वतनी कामांपैकी एक काम वेसकराचे होते. रात्री वेस लावणे, येणाऱ्या-जाणाऱ्यावर नजर ठेवणे, गावाची राखण करणे हे त्याने करायचे. त्याची वस्ती मात्र गावकुसाबाहेर. चोखोबांविषयी परंपरा सांगते, की मंगळवेढ्यास गावकुसाचे बांधकाम चालू असता ते कोसळून त्यांचा अंत झाला. आणि त्यांची समाधी पंढरपूरला महाद्वारासमोर, नामदेव पायरीपाशी, म्हणजे पुन्हा दाराबाहेर. ज्याने कूस बांधले त्याला कुसाच्या आत घर नव्हते.

हे ध्यानात घेतले म्हणजे ‘अब्रू वेशीवर टांगू नका’ या उपदेशातील विसंगती लपत नाही. ज्याला पिढ्यान्‌पिढ्या वेशीबाहेर ठेवले त्यालाच वेशीबाहेर बोलण्याची मनाई केली जाते. तो जेथे बोलतो ती त्याची नेहमीची जागा आहे. गावानेच ती त्याला नेमून दिली. तिथून बोलल्यावर ते जगाला ऐकू जाते, यात त्याचा अपराध कोणता? निष्ठेचा करार दोन बाजूंनी असतो. आत घेण्याचे कर्तव्य ज्याने पाळले नाही, त्याला आतले आत ठेवण्याचे कर्तव्य दुसऱ्यावर लादता येत नाही.

जिनिव्हा न्यायाचे पीठ आहे असे मानण्याचे कारण नाही. ते फार तर एक जागा आहे, जिथे राष्ट्राला आपल्याच माणसाविषयी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर लेखी द्यावे लागते. त्या उत्तरात टाळाटाळ असू शकते, पण टाळाटाळीचीही नोंद राहते, आणि ती पुढच्या अहवालाच्या वेळी समोर ठेवली जाते. वारीच्या दिवसांत जे गाव परक्याला पाणी विचारते, त्याला परक्याने विचारलेल्या प्रश्नाची धास्ती वाटण्याचे कारण नसावे. ती वाटत असेल, तर पाणवठ्यावर कोणाला थांबावे लागते याचा शोध गावाने आधी घ्यावा. तो शोध जोवर आत होत नाही, तोवर बाहेरच्या शहरात कोणीतरी तो प्रश्न विचारत राहील, आणि विचारणाऱ्याला घरभेदी म्हणण्याचा अधिकार गावाला मिळणार नाही.